मुरगळलेला घोटा आणि २६ दिवस

वाचकाचं पत्र

मी एका वरिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातली मुख्य गार्ड (वय १९, उजव्या हाताची) सरावात रिबाउंड (बास्केटवरून उसळून आलेला चेंडू) घेऊन खाली येताना दुसरीच्या पायावर उतरली आणि तिचा डावा घोटा आत वळला. याला आज १७ दिवस झाले. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही. डॉक्टरांनी 'ग्रेड टू स्प्रेन' सांगून तीन आठवडे विश्रांती लिहून दिली. आता ती न लंगडता चालते, पण संध्याकाळी थोडी सूज येते. दिवसभर क्रेप बँडेज असतं, घरी रोज तेलाने चोळणं चालू आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा २६ दिवसांवर आली आहे. ती म्हणते, "सर, मी उद्यापासून येते." वडील म्हणतात, यंदा खेळायचंच नाही. तिला उतरवायचं का, तयारी कशी करून घ्यायची आणि किती मिनिटं खेळवायचं?

उत्तर

सर,

उद्यापासून नाही, आणि यंदा नाहीच असंही नाही. ग्रेड टू म्हणजे लिगामेंटचे (हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचे) काही धागे तुटलेत, काही शाबूत आहेत. अशा घोट्याला पूर्ण खेळापर्यंत यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. स्पर्धा सुरू होईल तेव्हा सहा आठवडे आणि वर एक दिवस झालेला असेल. हिशेब जुळतो, पण जेमतेम. कारण गेलेले १७ दिवस विश्रांतीचे आहेत. विश्रांतीने सूज उतरते, ताकद येत नाही.

न लंगडता चालणं ही फसवी खूण आहे. चालताना घोट्यावर भार येतो तो बेताचा आणि सरळ. रिबाउंड घेऊन एका पायावर उतरताना तो कितीतरी पटींनी वाढतो आणि तिरका येतो. अशा वेळी आत वळू लागलेलं पाऊल सावरायचं काम पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू करतात. दुखापतीनंतर ते अशक्त होतात, शिवाय उशिरा जागे होतात. लिगामेंटला इजा झाली की पाऊल नेमकं कोणत्या कोनात आहे याची खबरही मेंदूला धड पोचत नाही. दुखणं थांबलं तरी या दोन गोष्टी आपोआप सुधारत नाहीत. एकदा मुरगळलेला घोटा त्याच हंगामात पुन्हा मुरगळतो तो बहुतेक वेळा यामुळेच. 'तिचं नशीबच वाईट' म्हणण्यात अर्थ नाही.

व्यायामाला हात घालण्यापूर्वी एक शंका फेडून घ्या. नडगीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबा. कळ खाली, घोट्याच्या पुढच्या बाजूला आणि थोडी वर उठली, किंवा पाऊल बाहेरच्या दिशेने फिरवल्यावर तिथेच दुखलं, तर ही साधी मुरगळ नाही. नडगीची दोन हाडं खालच्या टोकाला बांधून ठेवणारं लिगामेंट दुखावलेलं असू शकतं. लोक त्याला हाय अँकल स्प्रेन म्हणतात, आणि त्याला पुष्कळदा दुप्पट वेळ लागतो. तसं असेल तर २६ दिवसांचं गणित फाडून टाका. करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर जो हाडाचा उंचवटा असतो तोही दाबून बघा. तिथे अजून टोचत असेल तर एक्स-रे पुन्हा दाखवा. नुसत्या घोट्याच्या एक्स-रेत तिथली बारीक चीर कधी कधी निसटते. घोटा मध्येच अडकत असेल किंवा आत खोल कुठेतरी ठणकत असेल, तरीही आधी डॉक्टर, मग कोर्ट.

तेलाचं चोळणं आज थांबवा. सांधणाऱ्या लिगामेंटवर रोज अंगठा रगडला तर ते रोज चिडतं. संध्याकाळची सूज काही अंशी त्याचीही असेल. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून पोटरीला खालून वर हलक्या हाताने तेल लावू द्या, हाडाच्या टोकाला हात नको. क्रेप बँडेज सुजेसाठी ठीक, पण ते घोट्याला धरून ठेवत नाही. अर्ध्या तासात सैल पडतं, आणि मुलीला मात्र वाटतं की आपण सुरक्षित आहोत. दिवसभर बांधून ठेवायची आता गरज नाही.

आता मोजमाप. पुढचे २६ दिवस तुम्ही तारखेवर नव्हे, आकड्यांवर चालायचं आहे, म्हणून आजच वहीत तीन आकडे लिहा.

पहिला आकडा भिंतीचा. अनवाणी पायाने अंगठा भिंतीकडे करून उभं राहायचं, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्यायचं, टाच उचलल्याशिवाय गुडघा टेकेनासा होईपर्यंत. शेवटी जमलं ते अंगठा ते भिंत अंतर पट्टीने मोजायचं. चांगला पाय ११ सेंटिमीटर आणि दुखरा ७ असं काहीतरी बहुधा निघेल. हे चार सेंटिमीटर किरकोळ नाहीत. डिफेन्सच्या बैठकीत तिची डावी टाच उचलली जाईल, आणि उतरताना घोटा पुढे वाकत नसल्याने पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडेल. म्हणजे पुन्हा तीच जागा. दुसरा आकडा एका पायावर टाच उचलण्याचा: भिंतीला बोटं टेकवून, दर दोन सेकंदांना एक, पूर्ण उंचीपर्यंत. चांगल्या पायाने २५ निघाल्या तर लक्ष्य २३. तिसरा आकडा सुजेचा, शिंप्याच्या टेपने. टेप घोट्याभोवती आणि तळव्याखालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, रोज सकाळी, उठल्याबरोबर, एकाच व्यक्तीने. आदल्या दिवसापेक्षा एक सेंटिमीटर वाढला की काल जास्त झालं. त्या दिवशी पायरी चढायची नाही, एक खाली उतरायचं. व्यायामात दुखणं १० पैकी ३ पर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी ते कालच्या पातळीवर आलेलं हवं.

पहिले सात-आठ दिवस उडी नाही, धावणं नाही. तिला हे पटणार नाही, पण या आठवड्यात काम भरपूर आहे. भिंतीचाच व्यायाम दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी १५ पुनरावृत्त्या. टाच उचलणं आधी दोन पायांवर १५ चे तीन सेट, जमलं की एका पायावर १२ चे तीन, मग पायरीच्या कडेवर टाच खाली सोडून. रबरी बँड टेबलाच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ढकलणं, १५ चे तीन सेट, आणि परत येताना तीन सेकंद लावायचे. हा परतीचा भाग सगळे घाईत उरकतात, पण पेरोनियलला घोटा वळताना नेमकं तेच काम करायचं असतं. तोल: अनवाणी एका पायावर ३० सेकंद, चार वेळा. सोपं झालं की घडी घातलेल्या सतरंजीवर, मग भिंतीवर चेंडू मारून झेलत, शेवटी डोळे मिटून. डोळे मिटून ३० सेकंद ऐकायला सोपं वाटतं. संघातल्या धडधाकट मुलींनाही करून बघायला सांगा.

घोट्यावर लक्ष देताना कंबर विसरू नका. अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टीफन करीच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षांत शस्त्रक्रिया झाल्या. २०११-१२ च्या हंगामात तो ६६ पैकी २६ सामनेच खेळू शकला. पुढे त्याच्या तयारीत भर दिला गेला तो नितंब आणि मांड्यांच्या ताकदीवर, जेणेकरून दिशा बदलतानाचा भार एकट्या घोट्याने सोसू नये. तुमच्या मुलीला वेटरूम नसली तरी चालेल. गुडघ्यांवर बँड अडकवून आडवं चालणं १० मीटर, तीन वेळा. एका पायावर उभं राहून कंबरेतून पुढे झुकणं, ८ चे तीन सेट, हातात पाण्याची दोन लिटरची बाटली.

दम टिकवायला सायकल: दहा मिनिटं सावकाश, मग ३० सेकंद जोरात आणि ६० सेकंद हलकं, असं आठ वेळा. आणि रोज १०० फ्री थ्रो, पाय जमिनीवरून न उचलता. संघाबरोबर त्याच वेळेला कोर्टवर येऊ द्या. घरी बसवलेली खेळाडू परत आल्यावर दोन आठवड्यांचं एका दिवसात भरून काढायला जाते.

दुसऱ्या आठवड्यात उड्या आणि सरळ धावणं. टाच उचलणं चांगल्या पायाच्या ८० टक्क्यांवर आलं असेल तरच. सुरुवात दोन पायांवर जागच्या जागी लहान उड्यांनी, २० चे तीन सेट. मग दोरी ३० सेकंद, पाच वेळा. मग ३० सेंटिमीटरच्या पायरीवरून उतरून दोन सेकंद स्थिर उभं राहणं. उतरताना आवाज ऐका: 'धप्' आला तर गुडघे वाकत नाहीत. दोरी सोडून बाकी उड्यांत पाय जमिनीला टेकण्याचे एकूण प्रसंग मोजा. पहिल्या दिवशी ६०, आठवड्याअखेर १२०, आणि उड्यांचे दिवस लागोपाठ नकोत. धावणं कोर्टच्या लांबीत, म्हणजे २८ मीटर: आधी ६० टक्के वेगाने, मग ७५, मग ९०. गवताच्या मैदानावर नको, 'मऊ असतं' म्हणून तिथे पाठवतात आणि खड्ड्यात पाय जातो. पावसाळ्यानंतर सिमेंटच्या कोर्टच्या कडेला शेवाळ धरतं, ती पट्टी खराट्याने घासून घ्या.

तिसरा आठवडा दिशाबदलाचा, आणि खरी परीक्षा तो. ती उजव्या हाताची आहे, म्हणजे उजवीकडच्या लेअपला (धावत येऊन, उडी मारत जवळून बास्केट करताना) उडी डाव्या पायावरून घेते. दुखरा पाय तोच. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी दोन पायांवर थांबून, म्हणजे जंप स्टॉप करून, लेअप. तीन दिवस त्यात काही बिघडलं नाही की चालत्या गतीतला, मग पूर्ण वेगातला. डाव्या हाताचा लेअप लवकर सुरू केला तर हरकत नाही, त्यात उडी उजव्या पायावरून जाते. मात्र उतरताना दोन्ही पाय हवेत. युरो स्टेप (एका बाजूला पाऊल टाकून लगेच दुसऱ्या बाजूला जाणं) आणि स्टेप बॅक (झटकन मागे पाऊल घेऊन शॉट मारणं) सर्वांत शेवटी. दोन्हींत अख्खं शरीर घोट्याच्या बाहेरच्या कडेवर थांबवावं लागतं. कट, म्हणजे धावताना झटकन दिशा बदलणं, आधी ४५ अंशांचे, मग ९०, आणि आधी ठरलेल्या खुणेवर, मग तुम्ही ऐनवेळी हात दाखवाल त्या दिशेला. ठरलेला कट आणि अचानक घ्यावा लागलेला कट ही घोट्याच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमेल असं धरू नका.

स्पर्शाच्या सरावात, म्हणजे पाच विरुद्ध पाचमध्ये, सोडण्याआधी या कसोट्या घ्या. भिंतीच्या अंतरात दोन पायांतला फरक दीड सेंटिमीटरच्या आत. टाच उचलणं ९० टक्के. एका पायावर लांब उडी मारून त्याच पायावर थांबणं, तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम, तोही ९० टक्के. जमिनीवर ३० सेंटिमीटर अंतराने दोन चिकटपट्ट्या लावून एका पायावर आडव्या उड्या, जाऊन-येऊन १०. दोन्ही पायांचे सेकंद जवळपास सारखे हवेत. आणि कोर्टवरचीच चाचणी: फ्री थ्रोची लेन, म्हणजे बास्केटसमोर आखलेला आयत, ५.८ मीटर लांब आणि ४.९ मीटर रुंद असते. तिच्या कडेने पुढे धावणं, आडवं सरकणं, उलटं धावणं, पुन्हा आडवं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. दोन्ही वेळांत लक्षात येण्याजोगा फरक पडला तर तो पाय अजून घाबरतोय. हे सगळं ताज्या पायांवर पास झालं की सरावाच्या शेवटी, दमल्यावर पुन्हा घ्या. सामन्यात घोटा पहिल्या मिनिटाला क्वचितच वळतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये उतरण्याचं चित्रीकरण करून तिलाच दाखवा. भार उजव्या पायावर ढकलतेय हे तिला स्वतःला दिसलं की वाद घालावा लागत नाही.

पहिल्या सामन्याआधी पूर्ण संपर्काचे किमान चार सराव झालेले हवेत. चार झाले नाहीत तर पहिला सामना ती बाहेर बसेल, मग समोर कोणताही संघ असो. हे आजच तिला, संघाला आणि प्राचार्यांना सांगून ठेवा. आदल्या रात्री सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

मिनिटांचं आता. बहुतेक जण परतणाऱ्या खेळाडूला बाकावर बसवतात आणि दुसऱ्या क्वार्टरला, 'थोडं बघू' म्हणून आत पाठवतात. हे उलटं आहे. दहा मिनिटांचा क्वार्टर घड्याळात वीस मिनिटं चालतो, तोवर वॉर्मअप वाया जाऊन घोटा आखडतो. तिला सुरुवातीच्या पाचांत घ्या, चार मिनिटांनी काढा. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. शेवटची पाच मिनिटं तिला उड्या आणि सरकणं करायला लावून तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला पुन्हा चार मिनिटं. मधल्या एका टप्प्यात आणखी चार, तेही बाकाशेजारी उभं राहून टाचा उचलून आल्यावर. पहिल्या सामन्यात एकूण १२. सकाळचं माप ठीक असेल तर दुसऱ्यात १६, तिसऱ्यात २०. एकाच दिवशी दोन सामने आले, आणि आपल्याकडच्या बाद फेऱ्यांत ते येतातच, तर ती त्यातला एकच खेळेल. कोणता, ते तुम्ही निवडा.

स्टॉपवॉच तुमच्या हातात ठेवू नका. सामना एका बास्केटवर अडकला की प्रशिक्षकाला बारा मिनिटं आठसारखी वाटू लागतात. संघातली एखादी राखीव मुलगी किंवा सहकारी शिक्षक मिनिटं मोजेल, आणि त्याने 'झाली' म्हटलं की बदली खेळाडू स्कोअररच्या टेबलाशी जाईल, चेंडू डेड होण्याआधीच. पहिल्या सामन्याची शेवटची तीन मिनिटं ती खेळणार नाही, हेही आधी लिहून टाका. काढण्याच्या खुणा: लेअप टाळून पास देणं, उडीनंतर सतत उजव्या पायावर उतरणं, डिफेन्समध्ये एका बाजूला सरकायला उशीर. 'कसं वाटतंय?' विचारलंत तर उत्तर 'ठीक आहे सर' हेच येणार. '१० पैकी किती?' विचारा. चार म्हणाली की बाहेर.

वेदनाशामक गोळी खाऊन उतरवणं नको. दुखणं हीच या काळातली तुमची एकमेव सूचना-घंटा आहे, ती बंद करून खेळवण्यात काय हशील? यात दुसराही धोका आहे. सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल असतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून ते स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. घोट्यात स्टिरॉइडचं इंजेक्शनही १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही. मुलगी पुढे आंतरविद्यापीठ किंवा खेलो इंडियापर्यंत जाण्याच्या तोडीची असेल, तर घरातल्या गोळ्यांची पाकिटं आत्ताच एकदा वाचून घ्या.

वडिलांशी बोलताना 'काही होत नाही हो' म्हणू नका. त्यांची भीती चुकीची नाही, त्यांच्यापुढे आकडे नाहीत इतकंच. वही दाखवा. डॉक्टरांची तीन आठवड्यांची विश्रांती संपेल त्या दिवशी तिला आणि वडिलांना घेऊन पुन्हा दाखवून या आणि धावण्याची परवानगी लेखी घ्या. त्याआधीचे बसून, उभं राहून करायचे व्यायामही त्यांना फोनवर विचारून सुरू करा. पाच विरुद्ध पाचच्या आधी फिजिओथेरपिस्टकडून एकदा वरच्या कसोट्या करून घेतल्या तर उत्तम. निर्णय तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

राहिला ब्रेस, म्हणजे घोट्याला बांधायचा आधारपट्टा. लेस आवळायचा, दोन्ही बाजूंनी पट्टे फिरवून टाचेवर बांधायचा, तसाच घ्या. नुसता इलॅस्टिकचा मोजा नको. रंगीत काइनेसिओ टेप दिसायला छान, आधार देत नाही. उंच गळ्याचे बूट हाही ब्रेसला पर्याय नाही. पांढऱ्या कडक टेपने बांधणारा जाणकार हाताशी असेल तर तेही चालतं, मात्र अर्ध्या तासाच्या खेळात ती पट्टी बरीच सैलावते आणि मध्यंतराला पुन्हा बांधावी लागते. ब्रेस पहिल्यांदा सामन्याच्या दिवशी घातला तर टाचेला फोड येतात, म्हणून धावण्याच्या पहिल्या दिवसापासून घालू द्या, आणि पुढे निदान हा हंगाम संपेपर्यंत प्रत्येक सरावाला. तोलाचे व्यायामही तोवर आठवड्यातून तीन दिवस चालू ठेवा. बूट आधीच घट्ट असतील तर ब्रेस आत मावत नाही. आतला तळ काढून बघा, नाहीतर अर्धा नंबर मोठा जोड लागेल. ब्रेसचं माप सकाळी घ्या, सूज नसताना, आणि मागवायचा असेल तर याच आठवड्यात मागवा.